घट्ट बसलेला रेडिएटर

रविवारची सकाळ. डॉक्टरीणबाई बाबांच्या उशीला धुतलेला अभ्रा चढवत होत्या. बाबा म्हणजे त्यांचे वडील. ते अजून घरात आलेले नव्हते. आज त्यांना आणायला जायचं होतं. मागची अडगळीची खोली रिकामी करून, झाडून-पुसून, खिडकीशी पलंग लावला होता आणि पलंगावरून हात पोचेल असं दिव्याचं बटणही बसवून घेतलं होतं. गॅसवर चहाचं आधण, ओट्यावर वाटेतला डबा, आणि दाराशी पाण्याने भरलेले मोठे कॅन. कॅन माणसांसाठी नव्हते. गाडीसाठी होते.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार वाजवणारी माणसं दोन प्रकारची असतात. एकांना बेल दिसत नाही. दुसऱ्यांचा राग बेलच्या एवढ्याशा बटणावर मावत नाही. शेजारच्या काकू दुसऱ्या प्रकारात मोडत होत्या.

“तुमच्या गाडीने आमच्या दारात केलंय,” काकू म्हणाल्या.

“काय केलंय?”

“आता ते मी माझ्या तोंडाने सांगू? हिरवं आहे. चला बघायला.”

दोन घरांमधल्या बोळात गाडी उभी होती. बॉनेट उघडं, आतून वाफ निघतेय, आणि गाडीखालून निघालेला हिरवा ओघळ फरशीच्या उताराने थेट काकूंच्या पायरीला लागलेला. शेजारी डॉक्टर उकिडवे बसले होते. अंगात बनियन, कपाळावर दवाखान्यातला दिवा.

“अहो, पुन्हा?”

“पुन्हा नाही,” डॉक्टर मान वर न करता म्हणाले. “ही वेगळी उकळी आहे.”

“मांजर चाटायला निघालं होतं,” काकू म्हणाल्या. “मी हाकललं म्हणून.”

“बरं केलंत,” डॉक्टर म्हणाले. “रेडिएटरमधलं औषधी पाणी आहे. विषारी असतं ते.”

काकूंचा चेहरा त्या पाण्यापेक्षा हिरवा झाला. पण त्यांची खालची कवळी डॉक्टरांकडून घासून घ्यायची अजून बाकी होती. ज्याच्या हातात आपले दात आहेत, त्याच्याशी भांडताना माणूस शब्द चावूनच बोलतो. “बघा बाई काय ते,” एवढंच म्हणून त्या बादली आणायला गेल्या.

डॉक्टरीणबाई तिथेच उभ्या राहिल्या. तशा त्या अर्थशास्त्राच्या पदवीधर. दाताशी त्यांचा संबंध खाण्यापुरता. पण नवऱ्याचा दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यांना ही पदवी फुकटात बहाल केली होती. आत्ता त्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. आज रविवार. आज नाही गेलो, तर बाबा येणार नाहीत. नुसते आज नाहीत असं नाही. कधीच नाहीत.

हे कसं, ते सांगायला आधी डॉक्टर सांगावे लागतील.

डॉक्टरांचा हात चांगला, असं सगळेच म्हणत. त्यांनी भरलेला दात पुन्हा हलला नाही, त्यांनी दातावर बसवलेली टोपी निघाली नाही. जगात देव आहे की नाही याबद्दल त्यांचं काही मत नव्हतं, पण फट नसावी याबद्दल होतं. फट दिसली की त्यांच्या हातांना खाज सुटे. घरातल्या एकूण एक खिडक्यांच्या फटी त्यांनी स्वतः बुजवल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या खिडक्या आता उघडत नव्हत्या. कपाटाचा खण ओढला की आख्खं कपाट पुढे येई. काकूंची वरची कवळी अशी बेमालूम बसली होती, की रात्री ती काढायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागे. तरी काकू ती अभिमानाने मिरवत, कारण तक्रार केली तर डॉक्टर समोरच्याकडे असं बघत, जणू दोष हिरड्यांचा आहे.

अशा माणसाकडे जुनी गाडी असावी, हा गाडीवर अन्याय होता. ती बिचारी तिच्या वयाप्रमाणे चढावर तापे. थांबावं, निवू द्यावं, पुढे निघावं, असं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजात उस्ताद होता. ही उपाधी त्याला कुणी दिली नव्हती. पाटी रंगवणाऱ्याकडून त्याने ती नावाआधी घालून घेतली होती. तो एकदा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, किती दिवस हिला अशी धापा टाकत ठेवणार? रेडिएटरच मोठा टाकू. दुप्पट जाडीचा. त्याला दोन पंखे. मग बघा, घाटात स्वेटर घालून बसाल.”

रेडिएटर आला. तो या गाडीच्या दुप्पट आकाराच्या गाडीसाठी घडवलेला होता. त्याला ठेवायला पुढे जागा होती ती एखाद्या जाडजूड पुस्तकाएवढी. उस्तादने जागेकडे बघितलं, रेडिएटरकडे बघितलं आणि घण उचलला.

“घण?” डॉक्टर किंचाळले. “तोंडात घण घालतात का कुणी?”

झालं. त्या क्षणापासून ती गाडी पेशंट झाली.

मग जे सुरू झालं ते डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या खिडकीतून, म्हणजे बोळाच्या बाजूला उघडणाऱ्या एकमेव खिडकीतून पाहिलं. दवाखाना आटोपला की डॉक्टर बोळात. तोंडात घालायचा बारीक आरसा ते रेडिएटरच्या मागे सारत आणि तिथे काय चाललंय ते बघत. कुठला कोपरा घासायचा, कुठला कान वाकवायचा. पंखा आणि इंजिनाचा पट्टा यांच्यात नखभर अंतर उरलं, तेव्हा त्यांनी एवढं समाधानाने नख घालून दाखवलं, की बाईंना त्यांच्या लग्नातला फोटो आठवला. त्यात ते इतके खूश नव्हते. बॉनेट बंद होताना कुठेतरी अडत होतं. डॉक्टरांनी दाताला लावायचा निळा कागद आणला, रेडिएटरच्या झाकणावर ठेवला, बॉनेट हळूच मिटवलं आणि सवयीने म्हणाले, “हं, चावा.” निळा डाग जिथे उमटला तिथे घासलं. पुन्हा चावा. पुन्हा घासलं. बॉनेटने शेवटी असा टक् आवाज केला, की बोळातून जाणाऱ्या काकूंनी नकळत स्वतःची जिवणी मिटली.

या सगळ्यात बाईंची उजवीकडची खालची दाढ ठणकत होती. तिच्यात तात्पुरतं औषध भरून डॉक्टर म्हणाले होते, “निवांत बघू.” घरच्या माणसाला अपॉइंटमेंट लागत नाही म्हणतात. खरं आहे. लागत नाही, म्हणून मिळतही नाही. बाई डावीकडून जेवत होत्या आणि बोळात रेडिएटरला पॉलिश चाललं होतं.

त्याच सुमारास वर घाटमाथ्यावर बाबा न्हाणीघरात पडले. हाडं शाबूत राहिली, पण शेजाऱ्यांना आवाज जाईपर्यंत बराच वेळ ते ओल्या फरशीवर होते. त्यानंतर एकदा दूध गॅसवर राहिलं आणि भांडं काळं झालं. बाई फोनवर रडल्या, रागावल्या, शेवटी गोड बोलल्या. बाबा मोठ्या मुश्किलीने तयार झाले आणि एक अट घातली. ते कोर्टात लघुलेखक होते. दुसऱ्यांच्या साक्षी उतरवून घेण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे अट अगदी स्वच्छ शब्दांत आली. “जावई स्वतःच्या गाडीतून न्यायला आले तर येईन. भाड्याच्या गाडीतून, बोचक्यासारखा, कुणीतरी पाठवलंय म्हणून येणार नाही.”

“एवढंच ना?” डॉक्टर म्हणाले. “या रविवारी.”

पहिल्या रविवारी गाडी अर्ध्या घाटात उकळली. उस्तादने निदान केलं: इंजिनातली पाण्याची झडप गेली. ही झडप म्हणजे बाटलीच्या झाकणाएवढी एक चकती असते. इंजिन गार असताना ती बंद राहते, पाणी तापलं की उघडते आणि ते रेडिएटरकडे निवायला सोडते. नवा रेडिएटर बसवताना डॉक्टरांनी ती नवी टाकली होतीच. ती काढून आणखी नवी टाकली. पुढच्या फेरीत त्याच वळणावर, त्याच चहाच्या टपरीसमोर, गाडी पुन्हा उकळली. त्या वेळी तर उस्तादच्या सल्ल्यावरून हीटरही लावला होता. “इंजिनाची धग आत ओढून घेईल,” असं तो म्हणाला होता. घेतली. भर उन्हाळ्यात नवरा-बायको काचा खाली करून, घामाने निथळत, गरम हवा खात घाट चढले, आणि गाडी उकळायची ती उकळलीच. टपरीवाला पाण्याचा कॅन घेऊन धावत आला. दुसऱ्या वेळी त्याने विचारलंसुद्धा नाही. नुसता कॅन ठेवला आणि दोन चहा टाकले.

त्या रात्री बाबा फोनवर म्हणाले, “असू दे गं. मी आहे तिथे बरा आहे.” आवाज इतका मऊ होता, की बाईंना त्यांचं रागावणं परवडलं असतं. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. समजूतदार झालेल्याला कसं समजावणार? खूप गळ घातली तेव्हा ते म्हणाले, “बरं. आणखी एक रविवार. मग हा विषय नको.”

तो रविवार आज होता. आणि सकाळी सकाळी डॉक्टरांनी निघण्याआधीची चाचणी म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं, तर ते जागच्या जागी उकळून शेजारणीच्या पायरीवर गेलं होतं.

उस्ताद फोन केल्यावर आला. धुतलेला शर्ट, केसांना तेल. सासुरवाडीला निघाला होता. लांबूनच त्याने बॉनेटमध्ये डोकावलं, कपड्यांना डाग लागणार नाही अशा बेताने.

“साहेब, मला विचाराल तर आता रेडिएटर अजून एक नंबर मोठा टाकू.”

“कुठे टाकू?” बाई म्हणाल्या. “मागच्या सीटवर? मग माझ्या वडिलांना बॉनेटमध्ये बसवते.”

“वहिनी, तुम्ही चेष्टा करता,” उस्ताद हसला आणि खिशातून एक छोटा खोका काढला. “ही घ्या, नवीन झडप आणलीये. एकदम ओरिजिनल. ही टाका आणि बिनघोर जा.”

“मागच्या वेळी पण हेच म्हणाला होतास.”

“तेव्हा माल खराब होता वहिनी. आता माल चांगला आहे.” एवढं बोलून तो पाय उचलून, हिरवं पाणी चुकवत, सासुरवाडीला गेला.

इंजिन निवेपर्यंत हात लावता येणार नव्हता. डॉक्टर खोका घेऊन दवाखान्यात शिरले. बाईंनी चहा गाळला, पेला घेऊन मागोमाग गेल्या आणि दारात थबकल्या.

पेशंटच्या खुर्चीवरचा मोठा दिवा लागला होता. त्याखाली, स्वच्छ रुमालावर, ती झडप पहुडली होती. डॉक्टरांनी तोंडाला मास्क लावला होता, आणि दातात सिमेंट भरल्यावर ते सुकवायला धरतात तो निळा दिवा झडपेच्या काठावर धरला होता.

“अहो, हे काय करताय?”

“थांब. हात हलेल माझा.” दिवा बंद झाला. डॉक्टरांनी मास्क खाली केला, झडपेवर फुंकर मारली. “झालं. हे बघ, हल्ली काय माल काढतात! ही तिसरी. ओरिजिनल म्हणे. तिच्या काठालासुद्धा भोक.”

“भोक?”

“एवढंसं. टाचणीच्या डोक्याएवढं. तुझ्या-माझ्या डोळ्यांना दिसणारही नाही.” म्हणजे बाईंच्या. “उस्तादसारख्याच्या तर बापजन्मी लक्षात येणार नाही. मी आपला प्रत्येक वेळी भरून घेतो. दाढेत वापरतो तेच सिमेंट. उकळत्या चहाला दाद देत नाही, तर हे पाणी काय करणार?”

बाईंनी पेला ठेवला. बाजूच्या ताटलीत पहिली झडप पडलेली होती, इंजिनातून निघालेली. त्यांनी ती उचलून उजेडात धरली. काठावर एक पांढरा ठिपका होता. गुळगुळीत, चकाकता, बोट फिरवलं तरी लागू नये असा. मग त्यांनी नवी उचलली. तसाच ठिपका. त्याच जागी.

“अहो.”

“हं?”

“तिघींनाही एकाच जागी कशी हो कीड लागली?”

डॉक्टर चहाचा घोट घेणार होते. तो पेल्यातच राहिला.

“म्हणजे, माल खराब असता तर एकीला इथे भोक, दुसरीला तिथे, असं झालं असतं ना?” बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका साधा झाला की घरातली माणसं सावध होत. “ते त्यांनी मुद्दाम पाडलं असेल, तर?”

“मुद्दाम? बंद ठेवायच्या झडपेला कुणी मुद्दाम भोक पाडेल?”

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तेलाची रिकामी बाटली आणि नरसाळं घेऊन आल्या. नरसाळं बाटलीच्या तोंडात दाबून घट्ट बसवलं आणि वरून तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी दोन घोट उतरलं आणि नरसाळ्यात तसंच उभं राहिलं. बाटली रिकामी, नरसाळं भरलेलं.

“आत हवा आहे,” बाई म्हणाल्या. “तिला बाहेर पडायला जागा नाही. नरसाळं कसं छान घट्ट बसलं आहे बघा, एक फट नाही.” मग त्यांनी नरसाळं केसभर उचललं. बाटलीने भुळूक केलं आणि पाणी सरसर उतरलं.

डॉक्टर बाटलीकडे बघत होते. मग झडपेकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून इतक्या गोष्टी येऊन गेल्या, की बाईंना एका क्षणी वाईटही वाटलं. पण तो क्षण लहान होता, आणि दाढ ठणकत होती.

इंजिनात पाणी भरताना झडप बंद असते. मागे अडकलेली हवा त्या भोकातून सुटायची असते. भोक बुजलं, हवा आतच. झडपेला पाणी लागेचना, मग ते तापलंय हे तिला कळणार कसं? ती दार लावून बसली, पलीकडे पाणी उकळलं, आणि अलीकडे तो दांडगा रेडिएटर, दोन पंखे फिरवत, गारेगार. डॉक्टरांना हे आता कुणी सांगायची गरज नव्हती. पण ‘चुकलं’ हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलेलाच नव्हता. तिथे तेवढी फट नव्हती.

“प्रयोग म्हणून,” ते शेवटी घसा खाकरून म्हणाले, “एकदा न भरता लावून बघायला हरकत नाही.”

“प्रयोग म्हणून,” बाई म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी दात कोरायचं यंत्र सुरू केलं आणि स्वतः भरलेलं स्वतःच्या हाताने उकरलं. ते आधीचं काम इतकं पक्कं होतं, की त्यांना कपाळाचा घाम पुसावा लागला.

बसवायला दोघं बोळात गेले. बाईंनी विजेरी धरली. रेडिएटर एवढा चपखल बसला होता, की झडपेपर्यंत हात जायला वाट नव्हती. डॉक्टरांनी चिमटा घातला, आरसा घातला, एक बोट घातलं, आणि एका अडेल नटाला ते “झालं झालं, आता दुखणार नाही” असंही म्हणाले. नट सुटला. काकू पायरी धुऊन, हात कमरेवर ठेवून, तमाशा बघत होत्या.

“काय निघालं हो डॉक्टर?”

“किरकोळ होतं,” डॉक्टर म्हणाले.

मग पाणी ओतायला घेतलं. आधी रोजच्याइतकं गेलं. मग आतून बुडबुड आवाज आला, एखाद्याने कितीतरी दिवस कोंडलेला ढेकर द्यावा तसा, आणि पाण्याची पातळी खाली गेली. आणखी ओतलं. पुन्हा बुडबुड, पुन्हा खाली. कॅनमागून कॅन रिकामा झाला. एवढी पोकळी पोटात घेऊन ती बापडी घाट चढत होती, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. न बघणं हे बघण्यापेक्षा जास्त लागतं, हा त्यांचा संसारातला अनुभव होता.

इंजिन चालू केलं. काटा चढला, मध्यावर आला आणि थांबला. पुढचे दोन पंखे सुरू झाले, बंद झाले. असं आपणहून थांबणं त्यांना आजवर जमलं नव्हतं.

निघाले. वाटभर डॉक्टरांनी बायकोकडे, दरीकडे, समोरून येणाऱ्या बसकडेसुद्धा नीट बघितलं नाही. त्यांचा जीव काट्यात होता. “अहो, रस्ता,” असं बाईंना अधूनमधून म्हणावं लागत होतं. त्या स्वतः मात्र बाबांचाच विचार करत होत्या. आता वर जाऊन ते नाहीच म्हणाले, तर?

ते वळण आलं. टपरीवाल्याने गाडी लांबूनच ओळखली. तो कॅन उचलून रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला, मागे त्याने दोन पेले मांडलेही असावेत. गाडी थांबली नाही. आरशात तो बराच वेळ दिसत राहिला, हातात कॅन, चेहऱ्यावर एखादं हक्काचं गिऱ्हाईक फुटल्याचं दुःख.

बाबा पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते. समोर पलंगावर बॅग होती, उघडी आणि रिकामी. त्यांनी काही भरलंच नव्हतं.

“आलात? गाडीतून?”

“गाडीतून,” बाई म्हणाल्या. “मी भरते बॅग. स्वेटर कुठे आहेत?”

“थांब जरा.” बाबांनी हात वर केला. कोर्टात साक्षीदार फार भराभर बोलायला लागला की करत असतील तसा. “येताना चढली, ठीक आहे. पण मागे दोनदा बंद पडली. जाताना अर्ध्या वाटेत पुन्हा काही झालं, तर मी रस्त्यावर बसून राहायचं का? त्यापेक्षा इथे बरा. इथे निदान माझी खुर्ची आहे.” ते जावयाकडे वळले. “डॉक्टर, दोष काय होता?”

“ते आता मिटलं, बाबा.”

“मिटलं हे झालं. होतं काय?”

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बाई कपाटातून काढलेल्या स्वेटरची घडी घालत होत्या. तो घडी केलेलाच होता. त्यांनी तो उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतली. त्या एका शब्दाने मध्ये पडल्या असत्या तर सगळं सोपं झालं असतं. पण त्यांनी ठरवलं होतं, की ही दाढ डॉक्टरांची त्यांनीच काढायची.

“आत हवा अडकत होती,” डॉक्टर म्हणाले.

“का अडकत होती?”

“तिला जायला एक बारीक भोक असतं. ते बंद होतं.”

“कशाने?”

“सिमेंटने.”

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. “सिमेंट आपोआप येऊन बसत नाही. कुणी भरलं?”

बाहेर कुणीतरी बादली आपटली. डॉक्टर एकदा दाराकडे पाहून घेतात की काय असं बाईंना वाटलं.

“मी,” ते म्हणाले.

“चुकून?”

ही पळवाट होती, आणि बाबांनी ती जावई म्हणून दिली होती. डॉक्टरांनी ती घेतली नाही. बाईंचा हात स्वेटरवर थांबला.

“नाही. मुद्दाम. मला वाटलं, माल खराब आहे. भोक दिसलं, भरलं.”

“आणि दुसऱ्या वेळी?”

“तेच.”

“मग आज?”

“आजही भरलं होतं. हिने विचारलं, तेव्हा उकरून काढलं.”

बाबांचे खांदे हलायला लागले. आधी बाईंना वाटलं ठसका लागला. पण ते हसत होते. आवाज न करता, डोळे मिटून, खुर्चीचे हात धरून. पडल्यापासून ते असे हसले नव्हते. हसताना त्यांचा चष्मा घसरला, तो डॉक्टरांनीच झेलला.

“तीन वेळा!” बाबा डोळे पुसत म्हणाले. “अगं, भर ती बॅग. मला वाटत होतं, यांना ठाऊकच नाही काय झालं ते. त्या गाडीत बसायची भीती होती. आता बसतो.”

“खुर्ची घ्यायची का बरोबर?” डॉक्टरांनी विचारलं.

“घ्या की. मागे मावेल ना? नाहीतर घासाल तुम्ही, मला माहीत आहे.”

खुर्ची मावली. बाबा पुढे बसले, बाई मागे, खुर्चीचा एक पाय मांडीवर घेऊन. कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली. शेजाऱ्यांनी हात हलवले. बाबांनी एकदाच घराकडे बघितलं आणि मग पट्टा ओढून घेत विचारलं, “तुमच्याकडे दिवसभर मी करायचं काय? बसायचं कुठे?”

“बाहेरच्या खोलीत बसा ना,” बाई मागून म्हणाल्या. “पेशंट असतात तिथे. नंबर येईपर्यंत तासनतास बसलेले असतात बिचारे, कुणीतरी बोलायला हवंच असतं त्यांना.”

“वा!” बाबा खुलले. “मग झकास. सांगायला एक गोष्टही आहे माझ्याकडे आता.”

डॉक्टरांचा हात गाडीच्या किल्लीवर होता, तो तिथेच थांबला. आतापर्यंतच्या आयुष्यात त्यांनी पेशंटना ‘आ करा’ म्हटलं होतं, बायकोला ‘निवांत बघू’ म्हटलं होतं, उस्तादला ‘घण ठेव’ म्हटलं होतं; कुणाकडे काही मागितल्याचं बाईंना आठवत नव्हतं. ते सासऱ्यांकडे वळले. कपाळावर दिव्याच्या पट्ट्याचा लाल वळ अजून होता.

“बाबा, एक विनंती आहे,” ते म्हणाले. “ते भोकाचं तेवढं पेशंटना सांगू नका.”